उसनं नाक

३ फेब्रुवारी, मंगळवार

मासा करपला. हेक्टर शेगडीकडे पाठ करून दोन हातांच्या अंतरावर बसला होता, शब्दकोडं सोडवत. मी वर चादरी बदलत होते, तिथे वास आला. धावत खाली आले तर हॅडॉकचा कोळसा, आणि नवरा पेन्सिलीचं टोक चावतोय.

"हेक्टर, वास नाही आला तुला?"

"कसला?" म्हणाला.

एकतीस वर्षं अख्खं इन्व्हरलॉसन गाव ज्याला 'नाक' म्हणतं तो हा माणूस. डिस्टिलरीत कुठलं पिंप उघडायचं, कुठली व्हिस्की कशात मिसळायची, सगळं त्याच्या नाकावर ठरतं. आणि तो मला विचारतो, कसला.

मी खिडकी उघडली. मग लवंगांची बरणी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. त्याने डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत.

"जानेवारीतल्या तापापासून," म्हणाला. "काही नाही, रोना. कोरा कागद हुंगल्यासारखं."

४ फेब्रुवारी

सकाळी लापशी ढवळता ढवळता त्याने बाकीचं सांगितलं. मीठ, साखर, आंबट एवढं जिभेला कळतं. पुढचं सगळं गेलं. महिनाभर तो तसाच कामावर जातोय. पेला नाकाशी नेतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि जुन्या वह्यांतून बघून लिहितो. पिंप कुठल्या लाकडाचं, आधी त्यात शेरी होती की आणखी काही, भरलं कधी — त्यावरून आतली व्हिस्की कशी लागायला हवी हे त्याला पाठ आहे. आजवर निभावलं.

पण आता दीडशे वर्षांची बाटली आहे. डिस्टिलरीला दीडशे वर्षं होतायत म्हणून नऊ जुनी पिंपं बाजूला काढली आहेत. त्यांतली कुठली घ्यायची आणि किती, हे एप्रिलच्या मध्यापर्यंत सांगायचं. मे महिन्यात एडिनबराहून मालक मंडळी येणार. सप्टेंबरात हेक्टर निवृत्त होणार. म्हणजे ही त्याची शेवटची बाटली. लेबलवर त्याची सही छापणार आहेत.

"कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथा घेत नाही. बरं म्हटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईलही, नाही येणारही. रोज सकाळी लिंबू, लवंग, गुलाब हुंगायचं, व्यायामासारखं. हेक्टरने हे इतक्या आज्ञाधारकपणे ऐकून घेतलं की मलाच कसंतरी झालं. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही याने.

संध्याकाळी मी नेहमीसारखी जेसच्या पबमध्ये. माझं शुक्रवारचं ठरलेलं असतं — अर्धा पाइंट बिअर, शेजारी छोटी व्हिस्की. व्हिस्कीत पाणी, उन्हाळा असला तर बर्फही. एक घोट याचा, एक घोट त्याचा. आमच्या गावातली निम्मी माणसं असंच पितात. लग्न झाल्यापासून हेक्टर मला त्यावरून बोलतो. "बारा वर्षं पिंपात मुरवायची आणि तू त्यात नळ सोडायचास. हा खून आहे, बाई." चारचौघांत बोलतो, लोक हसतात. मीही हसते. पण पाणी घालायचं सोडलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

हेक्टरने जेवणाच्या डब्यातून दोन छोट्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या नऊ पिंपांतले नमुने, चिठ्ठ्या लावलेले — एक, दोन.

"तू चाखून सांग," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मला आधी हसूच आलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नव्वद मुलांचं सूप चाखते, व्हिस्की नाही.

"आयोनाला का नाही विचारत?"

आयोना बेथ्यून त्याच्या हाताखाली सहा वर्षं शिकतेय. एकतीसची पोर, हुशार. सप्टेंबरनंतर ती खुर्ची तिची, असं सगळे धरून आहेत.

"तिला कळलं की सगळ्यांना कळलं."

"ती तशी नाही."

"रोना," तो म्हणाला, "नाकच गेलं तर मी कोण?"

चाखते म्हटलं. पण मी अट घातली. चाखीन ते माझ्या पद्धतीने. दुपारी चार वाजता, शाळेतून आल्यावर, पोटात काहीतरी घालून. दिवसाला दोनच. माझं पाणी घालून. आणि शेजारी माझी अर्धी बिअर.

"बिअर? कामाच्या वेळी?"

"मग आयोनाला विचार."

उठला. स्वतः जाऊन बिअर आणली.

१० फेब्रुवारी

काल चाखलेलं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

एक नंबर: पावसाळी दिवशी मुलांचे ओले कोट शाळेत हीटरवर टाकतो, तो वास. वाईट नाही. ऊबदार. मागून बिस्किटासारखं गोड.

दोन नंबर: मार्मलेड करताना पातेल्याच्या कडेला जे करपतं आणि मी चमच्याने खरवडून खाते, ते.

हेक्टरने वहीत लिहिलं — "ओली लोकर, माल्टचा गोडवा." आणि "करपलेली संत्र्याची साल." बघ, म्हणाला, आता शोभतं.

मला माझं जास्त आवडलं.

११ फेब्रुवारी

तीन नंबर. पहिल्याच वासाला मी मोठ्याने हसले. वडिलांच्या सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन! अगदी तेच. अंगणात उलटी घातलेली सायकल, पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली ट्यूब. मग पाणी घातल्यावर पिकलेली नाशपाती.

"रबर लिहायचं?" हेक्टर म्हणाला. "दीडशे वर्षांच्या बाटलीत? दोष आहे तो."

"मला आवडलं."

"आवडण्याचा प्रश्न नाही, रोना. बरोबर आहे का, हा प्रश्न आहे."

"पिणारा माणूस आवडतं म्हणून पितो की बरोबर आहे म्हणून?"

नाक मुरडत त्याने 'सायकलचं रबर' लिहिलं. आणि ते खोडलं नाही.

१२ फेब्रुवारी

चार नंबर. ओली पेन्सिल. तोंडभर लाकूड, आणि त्याच्या पुढे काही नाही. पाणी घातलं, वाट पाहिली, परत चाखलं. काही नाही. हिला मी पुडिंगवरसुद्धा ओतणार नाही.

हेक्टर पांढरा पडला. सगळ्यांत जुनं पिंप ते. त्याचे गुरू, म्हातारे गेडिस, यांनी १९७९ साली स्वतःच्या हाताने भरलेलं. मालकांच्या जाहिरातीत तेच पहिलं आहे.

"तुला कळलं नसेल," म्हणाला.

"मेलीय ती, हेक्टर. जास्त दिवस लाकडात राहिली. मटणसुद्धा जास्त शिजवलं की चोथा होतो."

"तुला विचारलं कुणी?"

"तूच."

वही उचलून वर गेला. बिअर मी एकटीने संपवली. चार नंबर सिंकमध्ये ओतली. ते मात्र त्याला सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी

लिंबू, लवंग, गुलाब. लिंबू, लवंग, गुलाब. रोज सकाळी खिडकीपाशी उभा राहून हुंगतो. अजून कागदच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खरं लिहायचं तर मला मजा येतेय. चार वाजायची वाट बघते. पाच नंबर नको, सहा हवी, सात थोडी. एक खूण सापडली आहे — जी चाखून झाल्यावर मी बिअरचा ग्लास हातात घ्यायला विसरते, ती चांगली. अठ्ठावन्न वर्षांची झाले, आणि मला काय आवडतं हे कुणी इतक्या बारकाईने कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

हेक्टर समोर बसून माझा चेहरा बघतो. भुकेला माणूस दुसऱ्याचं ताट बघतो तसा. वाईट वाटतं. तरी मजा येते.

२४ फेब्रुवारी

आज भांडण. आठ आणि नऊ नंबर होते. आठचा पेला नाकाशी नेला आणि म्हटलं, "ही आपण चाखलीय. ही दोन नंबर आहे, मार्मलेडची."

"शक्य नाही. आठ शेरीच्या पिंपातली आहे. मनुका यायला हव्यात, अक्रोड यायला हवा."

"यायला हव्यात त्या नाही आल्या. मार्मलेड आलंय."

"तू दमलीयस."

"नव्वद मुलांच्या सुपात मीठ दोनदा पडलं तरी मला कळतं. मला नको सांगूस मी दमलेय ते."

त्याने माझ्यादेखत लिहिलं: "मनुका, अक्रोड, जुनं कातडं." पुस्तकातलं उतरवलं. मी बघत राहिले. एकतीस वर्षं खरं बोलणारं नाक हे. आज खोटं लिहिलं.

३ मार्च

तो आता यादी बनवतोय. चार नंबर यादीत आहे. मी म्हटलं, मेलेली व्हिस्की बाटलीत भरून वर तुझी सही करणार? म्हणाला, "गेडिसनी भरलीय." जणू ते देव होते.

१३ मार्च, शुक्रवार

जेसच्या पबमध्ये मी कोपऱ्यात बसले होते. आयोना आत आली, मला बघून थबकली, मग सरळ समोर येऊन बसली. तिने जेसला हळूच काहीतरी सांगितलं. ग्लास आला तर व्हिस्कीत आल्याची गोड बिअर घातलेली, वर लिंबाची फोड.

"सरांना सांगू नका," म्हणाली. "मला नोकरीवरून काढतील."

"मला तर त्यांनी घरातून काढायला हवं होतं," म्हणून मी माझे दोन ग्लास दाखवले. दोघी हसलो. मग ती हसायची थांबली.

"मिसेस मॅकफेल, एक विचारू? सायकलचं रबर कोणाला आलं?"

मी बिअरचा घोट घेतला.

"नमुन्यांच्या बाटल्या मीच भरते," ती म्हणाली. "सरांचे शेरे माझ्याकडे येतात. सुरुवातीचे वाचले आणि खूष झाले. सर असं कधी लिहीत नाहीत. ओली लोकर, रबर. ज्याने लिहिलं त्याला नाक आहे, आणि भीती नाही. पण ते सरांचं नव्हतं. जानेवारीपासून ते नमुन्यांच्या खोलीला आतून कडी लावतात. मला आत घेत नाहीत. म्हणून मी एक वाईट गोष्ट केली. आठ नंबरच्या बाटलीत दोन नंबरची व्हिस्की भरली."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला.

"शेरा आला मनुका, अक्रोड. पुस्तकातला. तेव्हा कळलं."

"मला समजलं होतं गं," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. "मी सांगितलं होतं त्याला, ही दोन नंबर आहे म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. हळूहळू तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कुणाला सांगणार नाही, म्हणाली. त्यांनीच शिकवलंय तिला, त्यांची अब्रू ती घालवणार नाही. पण आयर्लंडमधल्या एका डिस्टिलरीने तिला बोलावलंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं. "इथे ज्या खोलीत मला बसायचंय तिचं दार बंद आहे. मग जाते मी."

दोघींचे ग्लास तसेच अर्धे राहिले. जेसने विचारलं, काय गं, चव नाही का आज?

१४ मार्च

विचार केला. एक आठवडा आहे. गप्प राहिले तर हेक्टरचं नाव राहील, आयोना जाईल, आणि दीडशे वर्षांच्या बाटलीत ओली पेन्सिल जाईल. बोलले तर तो मला कधीच माफ करणार नाही, असंही होऊ शकतं. छत्तीस वर्षांचं लग्न.

ठरवलं. आधी त्याला सांगायचं. संधी त्याला द्यायची.

१५ मार्च, रविवार

जेवण झाल्यावर सांगितलं. आयोनाला माहीत आहे, हेही सांगितलं. तिने बाटली बदलली, हेही, आणि शुक्रवारी ती आयर्लंडला कळवणार, हेही.

आधी चिडला. "माझ्यावर पाळत? मी शिकवलेली पोर!" वही काढून आठ नंबरचं पान उघडलं. मग — "आठ नंबर दोनच होती?"

"हो."

"तू म्हणालीस ते बरोबर होतं."

"हो."

मग मी म्हटलं, "तिला तू स्वतः सांग, हेक्टर. गुरुवारपर्यंत. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"सहा महिने राहिलेत, रोना. फक्त सहा."

"तुझे. तिची तीस वर्षं आहेत."

कोट घालून नदीकडे गेला.

१६ मार्च

हेक्टरने नेहमीसारख्या डब्यातून बाटल्या काढून ठेवल्या. मी म्हटलं, आजपासून नाक बंद.

१७ मार्च

बोलत नाही माझ्याशी. सकाळचं लिंबू, लवंग, गुलाबसुद्धा केलं नाही.

१८ मार्च

शाळेत सूप खारट झालं. पहिल्यांदा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे. उद्या गुरुवार.

१९ मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहिते.

दोन वाजता मुलांची भांडी आवरली. घरी आले. नऊपैकी आठ बाटल्या घरी होत्याच, प्रत्येकीत थोडी थोडी उरलेली — चार नंबर तर मी ओतून टाकली होती. सगळ्या बाजारच्या पिशवीत घातल्या, मध्ये पंचा कोंबला, नाहीतर किणकिण वाजतात. डिस्टिलरीपर्यंत चालत गेले. वाटेत कुठे थांबले नाही. थांबले असते तर परत फिरले असते.

आयोना कोठाराच्या बाहेर खडूने पिंपांवर आकडे घालत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "ते नाक माझं होतं. ओले कोट, मार्मलेड, पंक्चर, सगळं माझं. जानेवारीपासून त्याला काही येत नाही. सांगायला त्याने यायला हवं होतं, तो आला नाही. मी आले."

तिने खडू खिशात टाकला. "चला," म्हणाली. नमुन्यांच्या खोलीपाशी जाऊन तिने दार वाजवलं. आतून कडी निघाली.

हेक्टर दारात. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पिशवीकडे. मला वाटलं, आता दार लावून घेईल.

तो बाजूला झाला.

आत टेबलावर चार नंबरचा पेला भरलेला होता. एकटाच बसला होता त्याच्यासमोर, कोण जाणे केव्हापासून. पेला त्याने आयोनाकडे सरकवला.

"सांग, पोरी."

तिने नाकाशी धरला. एकदा. मग घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकला. माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं केलं.

"सर, संपलीय ही. नुसतं लाकूड."

"गेडिसनी भरली होती."

"म्हणूनच काढून टाका," ती म्हणाली. पेला तिने परत त्याच्यापुढे सरकवला. "त्यांच्या नावाने हे प्यायला देऊ नका कुणाला."

हेक्टरने वही ओढली. चार नंबरवर रेघ मारली. सरळ, सावकाश. मग वही तिच्यापुढे ठेवली, आणि लेखणीही.

"तिला विचार," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "पाणी घालून चाखते. पण चुकत नाही."

मग व्यवस्थापकांच्या खोलीकडे गेला. एकटाच. मी मागे जाणार होते, आयोनाने हात धरला.

२० मार्च, शुक्रवार

व्यवस्थापक स्ट्रॅकन साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणे. सप्टेंबरपर्यंत हेक्टर राहील, कोठाराचं बघेल, नवीन मुलांना शिकवेल. बाटली आयोना करेल. एडिनबराला त्यांनी लगेच कळवलं. जाहिराती बदलाव्या लागतील म्हणून मालक मंडळी तिकडे उखडली — एकोणऐंशीचं पिंप पाहिजेच, म्हणाली. आयोना फोनवर त्यांना म्हणाली, मग लेबलवर माझी सही नको. शेवटी तेच नमले.

आयर्लंडला तिने 'येत नाही' म्हणून कळवलं.

हेक्टर घरी आला, बूट काढले, म्हणाला, "खिमा-बटाटा आहे का?" चार दिवसांतलं माझ्याशी पहिलं वाक्य. होता. वाढला.

८ एप्रिल

आयोना आता दर बुधवारी चार वाजता आमच्याकडे येते. दोघी चाखतो. ती पाणी घालते, मी घालते. तिला पाच नंबर आवडते, मला नाही — औषधाच्या कपाटासारखी वाटते. भांडतो. हेक्टर मध्ये बसून ऐकतो. आज तिने विचारलं, "सर, बरोबर चव कोणाची?" तो म्हणाला, "तिची तिला, तुझी तुला." मी चमकून बघितलं. तो कोड्यात मान घालून बसला होता.

तीन नंबर बाटलीत घेतलीय. पंक्चर घालून दीडशे वर्षं!

१५ मे, शुक्रवार

आज सोहळा झाला. कोठारात टेबलं मांडली होती, झेंडे, बॅगपाइपवाला, सगळं. एडिनबराचे साहेब आले — चांगले उंच, गळ्यात रेशमी रुमाल. व्हिस्की कशी प्यावी यावर त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं. पेला कसा धरावा, घोट किती वेळ तोंडात ठेवावा. पाणी घालू नये. बर्फ तर नाहीच.

मग पेले आले. मी माझ्या पिशवीतून पाण्याची छोटी बाटली काढली. शेजारी जेसने आणून ठेवलेली अर्धी बिअर. गावातल्या लोकांनी ते बघून आपापल्या पेल्यांत पाणी घ्यायला सुरुवात केली. बाटली हातोहात गेली.

साहेबांनी बघितलं. हसत हसत माझ्याजवळ आले. "मॅडम, ही दीडशे वर्षांच्या सोहळ्याची बाटली आहे. खून करताय तुम्ही तिचा."

सगळे हसले. मी तोंड उघडणार होते, हेक्टर माझ्या आधी उठला. भाषणाला उठत नाही तो कधी.

"घालू द्या तिला," म्हणाला. "यातली पिंपं तिने आणि या मुलीने निवडली आहेत. माझं नाक जानेवारीत गेलं. तुम्ही जे पिताय ते माझ्या बायकोला आवडलं म्हणून पिताय."

कोठारातल्या सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. साहेबांनी पेला खाली ठेवला, परत उचलला. मग माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली. दोन थेंब घातले, चाखलं. आणि दुसरा पेला घेतला.

आयोना भिंतीला टेकून रडत होती. हसतही होती.

मी हेक्टरचा हात धरला. थंड होता, घामाने ओला. त्याच्यासमोर भरलेला पेला तसाच होता.

१७ मे

आयोनाने माझं नाव लेबलवर मागच्या बाजूला घालायचं का, विचारलं. नको म्हटलं. परवा सोहळ्यानंतर पबमध्ये जेसने एक बिअर फुकट दिली, तेवढं पुरे.

२४ मे, रविवार

नदीकाठी बाकावर बसलो होतो. मी दोन बिअर नेल्या होत्या. मी म्हटलं, नाक परत आलं की पहिली तीन नंबर हुंग, माझ्यासाठी. म्हणाला, "नको. आलं तर टोस्टचा वास यावा." मग पाण्याकडे बघत — "मला व्हिस्की कधी आवडलीच नाही, रोना. वडिलांनी कामाला लावलं, नाक चांगलं निघालं, राहिलो. एकतीस वर्षं थुंकत आलो."

मी विचारलं, मग मला का बोलायचास, इतकी वर्षं?

"तुला आवडायची म्हणून," म्हणाला. "हेवा वाटायचा."